शिरोरेखेवरच्या मुंग्या: साइटच्या चित्रांचा फॉरमॅट ठरवताना

फराळाच्या दुकानाची साइट. चित्रं तीन प्रकारची: लोगो, पदार्थांचे फोटो आणि पिवळ्यावर लाल अक्षरांचा बॅनर.

लोगो जेपेगमध्ये आला. तो पीएनजी करण्यात अर्थ नव्हता. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे मागचा पांढरा चौकोन तसाच राहतो आणि कडेचा कचरा पीएनजी इमानेइतबारे जपतो. फ्लेक्सवाल्याकडून मूळ फाइल मागवली, अक्षरं कर्व्ह केली (फाँटवर न विसंबणारे आकार केले), मग एसव्हीजी (पिक्सेलऐवजी आकारांची फाइल) काढली. कर्व्ह न केलेला लोगो युनिकोडपूर्व फाँटात (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या जुन्या फाँटात) असेल, तर मराठी नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. साइटवर तोच वेबफाँट असला तरी चित्र म्हणून लावलेली एसव्हीजी तो उचलत नाही.

खरा वेळ बॅनरने खाल्ला. ७५ क्वालिटीच्या जेपेगमध्ये शिरोरेखेच्या वर-खाली मुंग्यांसारखे ठिपके, वेलांट्यांचा लाल रंग बाहेर पसरलेला. कारणं दोन: जेपेग ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत काम करतं, तिथे तीव्र कड नीट बसत नाही, आणि ४:२:० मध्ये (रंगाची माहिती कमी साठवण्याच्या पद्धतीत) रंगाचं रिझोल्यूशन आडवं-उभं निम्मं होतं. मग वेबपी हा वेबसाठीचा फॉरमॅट घेऊन क्वालिटी ९० केली, तरी लाल पसरलेलाच! साधं, लॉसी (थोडी माहिती गाळणारं) वेबपी ४:२:० शिवाय चालतच नाही. लॉसलेस (काहीच न गाळणाऱ्या) वेबपीने मात्र अक्षरं स्वच्छ आली. सपाट रंगांना २५६ रंगांची पीएनजी-८ सुद्धा पुरते. ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) असला की पट्टे पडतात. शेवटी मजकूर चित्रातून काढून थेट एचटीएमएलमध्येच लिहिला. हे आधीच करायला हवं होतं.

फोटोंचं काम सोपं. फॉरमॅटआधी माप: मोबाइलचा ४००० पिक्सेलचा फोटो ६०० च्या जागेत लावून वेबपी केला तरी जडच राहतो. रुंदी १२०० केली (दाट स्क्रीनसाठी दुप्पट), मग वेबपी ८०. एव्हीआयएफ या वेबपीपेक्षा नव्या फॉरमॅटची फाइल आणखी लहान होते, पण क्वालिटी फार उतरवली की चकलीचे काटे गुळगुळीत होतात. एका चित्राचे अनेक पर्याय देणाऱ्या एचटीएमएलच्या पिक्चर टॅगमध्ये एव्हीआयएफ आधी, मग वेबपी, शेवटी इमेज टॅगात जेपेग. ब्राउझर स्वतःला चालणारा पहिला पर्याय उचलतो. वेबपी वर ठेवलं तर एव्हीआयएफची पाळी क्वचितच येते.

लिंक शेअर केल्यावर दिसणारं १२००×६३० चं चित्र तेवढं जेपेगच ठेवलं. ते प्रत्येक ॲप आपापल्या पद्धतीने वाचतं, आणि तिथे पर्यायी फाइल देण्याची अशी सोय नाही.