एका पावसाळ्यात तपासलेले धबधब्यांचे पुस्तक

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानातून मी धबधब्यांच्या भटकंतीचे एक मार्गदर्शक पुस्तक विकत घेतले. नाशिक, अहिल्यानगर, ठाणे आणि पालघर या चार जिल्ह्यांतले सत्तरच्या आसपास धबधबे त्यात आहेत. प्रत्येकाला दोन पाने दिली आहेत; त्यांपैकी एक पान छायाचित्राने भरलेले आणि दुसऱ्यावर हातभर वर्णन, एक छोटा नकाशा आणि अंतर, उंची, वेळ, काठिण्य यांची चौकट. पुस्तकाचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते या एकाच पुस्तकाला लागू नाही. माझ्या कपाटात या प्रकारची आणखी तीन पुस्तके आहेत आणि त्यांची घडणही थोड्याफार फरकाने हीच आहे.

असे पुस्तक तपासण्याची माझी एक जुनी रीत आहे. अनोळखी ठिकाणाचे छायाचित्र पाहून हरखून जाण्याआधी मी माझ्या पायाखालच्या ठिकाणाचे पान उघडतो. नाशिककराच्या दृष्टीने ते पान सोमेश्वरचे. गंगापूर रस्त्याने गेले की शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर गोदावरी काळ्या कातळावरून रुंद पसरून खाली येते. उंची फार तर दहा मीटर, पण नाव मात्र दूधसागर, त्यामुळे बाहेरगावचा माणूस गोव्याच्या दूधसागराची अपेक्षा मनात धरून येतो आणि भाजलेली कणसे खाऊन परत जातो. पुस्तकात या धबधब्यासाठी ‘जुलै ते सप्टेंबर, जोरदार पाऊस झाल्यानंतर’ असा काळ दिलेला आहे. वाचायला हे बरोबर वाटते, पण सोमेश्वरचे पाणी असे चालत नाही.

सोमेश्वरच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे. जुलैमध्ये धरण भरत असते तेव्हा त्र्यंबकला पावसाची झड लागलेली असली तरी सोमेश्वरला दोन-चार बारीक धारांपलीकडे काही नसण्याची शक्यता असते, आणि ऑगस्टमधल्या एखाद्या लख्ख उन्हाच्या दुपारी, धरणातून विसर्ग सुरू झाला म्हणून, तोच कातळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झालेला दिसतो. म्हणून आमच्या घरी सोमेश्वरला जायचे की नाही हे आभाळाकडे पाहून ठरत नाही, वर्तमानपत्रातला विसर्गाचा आकडा पाहून ठरते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक सोडले असे वाचले की दर सेकंदाला २८ हजार लिटर पाणी त्या कातळावरून जाणार, एवढा हिशेब मांडता येतो. आकडा फारच मोठा असेल तर सोमेश्वरला न जाता सगळे शहर रामकुंडाकडे, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आले ते पाहायला जाते. पुस्तकाच्या त्या दोन पानांत धरणाचे नाव एकदाही आलेले नाही.

पावसावर चालणारा धबधबा आणि धरणावर चालणारा धबधबा या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि पुस्तकाने त्या एकत्र कालवल्या आहेत, हा माझा पहिला आक्षेप. भंडारदऱ्याच्या पानांवर तो अधिकच जाणवतो. तिथले विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल पाणी सोडले तरच फुलतो, आणि प्रवरेवरचा रंधा धबधबा, ज्याची उंची १७० फूट सांगितली जाते, तोही धरणाच्या खालीच असल्याने त्याचा जोर वरून किती पाणी येते त्यावर ठरतो. अशा धबधब्याचा ‘योग्य काळ’ महिन्यांत सांगून काय उपयोग? उलट विहीगावचा किंवा दुगारवाडीचा धबधबा पावसाशी बांधलेला. तो जूनच्या अखेरीस जागा होतो, ऑगस्टमध्ये भरात येतो आणि ऑक्टोबर सरता सरता आटत जातो. तिथे महिना सांगणे रास्त आहे, पण कुठला पाऊस हेही सांगावे लागते. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि नाशिक शहरात ७०० च्या आसपास, आणि या दोन गावांत रस्त्याने अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. नाशिकच्या कॉलेज रोडवर कोरडे अंगण पाहून निघालेला माणूस तासाभरात अशा मुलखात पोहोचतो जिथे सकाळपासून पाऊस कोसळतो आहे. पुस्तकाच्या प्रस्तावनेत पावसावर दीड पान आहे, त्यात मृद्गंध आहे, हिरवा शालू आहे, आणि हा साधा हिशेब तेवढा नाही.

आता जरा सविस्तर सांगण्याजोगी गोष्ट. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझा भाचा आणि मी त्र्यंबकच्या पुढे, जव्हारच्या रस्त्याला लागून आत असलेल्या एका लहान धबधब्याला पुस्तक हातात धरून गेलो. त्या ठिकाणाचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या पाड्यावरच्या लोकांना रविवारच्या गाड्यांचा आधीच पुरेसा जाच आहे. पुस्तकात लिहिले होते, ‘पाड्यापासून सरळ चालत जावे, ओढा ओलांडून पलीकडील पायवाटेने वीस मिनिटांत धबधब्याचा पायथा गाठावा.’ प्रत्यक्षात ‘सरळ’ म्हणजे भातखाचरांच्या बांधांवरून. आवणीचे, म्हणजे भाताची रोपे लावण्याचे दिवस होते. बांध ओले, ठिसूळ, जेमतेम वीतभर रुंद. त्यावरून शहरातले बूट घालून पन्नास माणसे गेली की बांध फुटतो, खाचरातले पाणी वाहून जाते आणि आवण करणाऱ्याचा दिवस वाया जातो. पुस्तकाचा लेखक बहुधा ऑक्टोबरमध्ये गेला असावा, कारण छायाचित्रात भात कंबरेएवढे आहे.

डोक्यावर इरले घेऊन वाकलेल्या एका मावशींना आम्ही वाट विचारली. त्यांनी बांध सोडून कडेच्या ढोरवाटेने जायला सांगितले, आणि आम्ही निघालो तेव्हा मागून हाक मारली. ‘‘भाऊ, वढ्यात एक दगड हाये, म्हशीसारखा. त्याची पाठ दिसती तवर जा-ये करा. पाठ बुडाली का जिथं असाल तिथंच थांबायचं, मधी उतरायचं नाही.’’

दगड सापडला. खरोखरच बसलेल्या म्हशीसारखा, पाण्यावर वीत-दीड वीत काळी पाठ. ओढ्यात पाणी पोटरीपर्यंत होते आणि तळ स्वच्छ दिसत होता. आम्ही ओलांडून गेलो, धबधबा पाहिला आणि खडकावर बसून डबा उघडला. माझ्या अंगावर पावसाचा थेंब नव्हता. भाच्याला मी दगडाकडे लक्ष ठेवायला सांगितले होते, आणि तो बारा वर्षांचा असल्यामुळे त्याने ते काम माझ्यापेक्षा मनापासून केले. ‘‘मामा, पाणी चहासारखं झालंय,’’ असे तो म्हणाला तेव्हा म्हशीची पाठ अजून दिसत होती, पण पाण्यात सागाची कुजलेली पाने आणि काटक्या येऊ लागल्या होत्या. डबा तसाच झाकून आम्ही अलीकडे आलो. पाणी तोवर गुडघ्याला लागत होते. अलीकडच्या काठावर बसून उरलेली पोळी खात असताना, घड्याळाप्रमाणे सतरा मिनिटांनी, दगड दिसेनासा झाला. वरच्या डोंगरावर काळे होऊन आले होते, एवढेच. आमच्या डोक्यावर तेव्हाही आभाळ फिकटच होते.

मावशींनी जे दोन वाक्यांत सांगितले ते सत्तर धबधब्यांच्या पुस्तकात एकाही ठिकाणी नाही. ओढा ओलांडावा लागतो, हे आहे. तो कुठल्या खुणेवरून ओलांडण्याजोगा समजावा, पाणी चढण्याआधी रंग कसा पालटतो, पलीकडे अडकल्यास दुसरी वाट आहे का, हे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडीला ओढ्याचे पाणी एकाएकी वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते आणि त्यांतला एक जण वाहून गेला. त्या घटनेनंतर छापलेल्या पुस्तकातही दुगारवाडीच्या पानावर ‘पावसाळ्यात काळजी घ्यावी’ एवढेच असावे, हे मला पटत नाही. काळजी घ्यावी म्हणजे नेमके काय करावे, हे सांगण्यासाठीच तर माणूस पुस्तकाला पैसे मोजतो.

डोहांविषयीही तसेच. आपला सह्याद्री बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, म्हणून आपले धबधबे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि प्रत्येक पायरीशी पाणी दगडगोटे गरगर फिरवत कातळात रांजणखळगे कोरते. घोट्याएवढ्या पाण्यातून टाकलेले पुढचे पाऊल पुरुषभर खोल खळग्यात पडू शकते, आणि गढूळ पाण्यात तो खळगा दिसत नाही. पुस्तकात सात-आठ ठिकाणी ‘डुंबण्यास उत्तम डोह’ असे प्रशस्तिपत्र आहे. हे सात-आठ उल्लेख मी काळ्या शाईने खोडले आहेत.

याच पायऱ्यांमुळे उंचीचे आकडेही फसवे होतात. तीन टप्प्यांची बेरीज करून उंची दिली आहे की शेवटच्या एका उडीची, हे पुस्तक कुठेच सांगत नाही. वाचक मात्र एकसंध कड्याची कल्पना करून जातो. आकडे ताडून पाहावेत म्हणून मी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे काढले. त्यांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला असतात, म्हणजे पंधरा मीटरचा धबधबा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो, पण पुस्तकाने ‘तीनशे फूट’ म्हटलेला कडा मात्र लपू शकत नाही. मी तपासलेल्या नऊपैकी दोन ठिकाणी त्या जागेवर दोनच रेषा जवळजवळ आल्या होत्या. उंचीच्या आकड्याने कोणाचा पाय मोडत नाही, म्हणून हा दोष मी किरकोळ मानतो. त्याहून मोठी चूक अशी, की कित्येक ठिकाणी छायाचित्र पायथ्याचे आहे आणि वाट माथ्याची सांगितली आहे. धबधब्याच्या माथ्यावर शेवाळलेल्या कातळाच्या कडेशी उभा राहिलेला माणूस छायाचित्रातले दृश्य शोधण्यासाठी आणखी पुढे वाकतो.

जाण्यायेण्याच्या माहितीबद्दल थोडक्यात सांगायचे तर ती सगळी स्वतःची गाडी असणाऱ्यांसाठी आहे. जव्हारकडे जाणारी एसटी कुठे उतरवते आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर काय, याचा विचार नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, त्र्यंबकला जाणारा रस्ता भाविकांनी भरतो, खासगी वाहने अलीकडेच अडवली जातात आणि जादा एसटी बस सोडल्या जातात. हे नाशिकच्या शाळकरी मुलालाही माहीत असते. त्र्यंबक परिसरातल्या नऊ धबधब्यांवर अठरा पाने लिहिणाऱ्याने ते एका ओळीत लिहायला हवे होते. बंदीचे आदेश मात्र छापील पुस्तकाला आधी कळणे शक्य नाही, हे मान्य केले पाहिजे. लोणावळ्याच्या भुशी धरणामागे ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पावसाळी ठिकाणांवर निर्बंध घालण्याकडे प्रशासनाचा कल वाढला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे आदेश ही दर पावसाळ्यातली बातमी झाली. निघण्याआधी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करा, एवढे तरी पुस्तक म्हणू शकले असते. ११२ आणि १०८ हे क्रमांक आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, ही माहितीही नाही. दरीत मोबाइलला रेंज नसते तेव्हा ती कागदावरच असावी लागते.

इतके दोष काढल्यावर पुस्तक रद्दीत घालावे, असे माझे मत आहे का? नाही. त्यातले एक काम फार चांगले झाले आहे. प्रत्येक धबधब्याजवळच्या पाड्याचे नाव, त्या पाड्याकडे वळण्याची रस्त्यावरची खूण आणि एकाच ठिकाणाची दोन-तीन प्रचलित नावे लेखकाने जातीने जमवली आहेत, आणि मी गेलो त्या नऊ ठिकाणी ती बिनचूक निघाली. मोबाइलवरचा नकाशा आपल्याला भलत्याच गोठ्यात नेऊन उभा करतो तेव्हा या माहितीची किंमत कळते. वाट विचारण्यासाठी योग्य पाड्यावर पोहोचणे एवढे काम हे पुस्तक करते, आणि पुढचे काम तिथल्या माणसांकडून करून घ्यावे लागते. सुरगाणा तालुक्यातल्या, आमच्याकडे फारसे कोणी जात नाही अशा भिवतासचे पानही त्यात आहे, आणि केवळ त्या पानामुळे मी तिकडे गेलो. साडेतीनशे रुपयांत एवढे मिळणे मला महाग वाटले नाही. कागद मात्र गुळगुळीत चकचकीत आहे. दुसऱ्याच पावसात पाने एकमेकांना चिकटली, आणि विहीगाव व दाभोसा आता उकलून वाचावे लागतात.

सध्या पुस्तक पेन्सिलीने भरत चालले आहे. सोमेश्वरच्या पानावर ‘आधी विसर्ग पाहणे’ असे लिहिले आहे, रंध्याच्या पानावरही तेच. त्या नाव न घेतलेल्या धबधब्याच्या नकाशावर, ओढ्याची रेघ जिथे पायवाटेला कापते तिथे, भाच्याने एक म्हैस काढली आहे. तिला शिंगेही आहेत, जी दगडाला नव्हती.