लेबलाएवढी जागा

आमच्या वाचनालयात पोस्टमन येतो तो साडेअकराच्या सुमाराला, आणि पावसाळ्यात आला की आधी दारात उभा राहून रेनकोट झटकतो, मग पिशवीतनं अंकांचा गठ्ठा काढतो. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहिती असेलच, जूनमध्ये लागला की गणेशोत्सवापर्यंत काय वाळत नाही, कपडे नाही आणि डिंक तर नाहीच. आणि माझं सगळं काम डिंकाचं.

नवीन अंक आला की वेष्टण फाडायचं, पानं उलटून बघायची (मधलं एखादं पान छापायचंच राहिलेलं असतं कधीकधी), रजिस्टरला वर्ष, अंक आणि आल्याची तारीख लिहायची, शिक्का मारायचा आणि लेबल. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण लेबल चिकटवायचं कुठं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही बघा. जाड पुस्तकाला कण्यावर जागा असते, साप्ताहिकाला कणाच नाही, मधोमध दोन पिना मारल्या की झालं साप्ताहिक. म्हणजे मुखपृष्ठावरच चिकटवायचं, आणि तिथं चित्रकाराने एक इंच मोकळी सोडलेली नसते. सुरुवातीला मी सरळ खालच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला लावत होते. वर्ष संपल्यावर एका मासिकाचे बारा अंक बाइंडिंगला दिले आणि बाइंडरने कडा सारख्या करायला मशीनवर कापल्या, त्यात माझी लेबलं अर्धी गेली. नंबर गेला, नुसतं वाचनालयाचं नाव राहिलं. चूक माझीच, त्याला काय बोलणार. तेव्हापासून कडेपासून दोन बोटं आत.

वेष्टणं फाडताना मात्र माझं लक्ष पत्त्यावर जातं. एक मासिक अजून ‘बेळगाव, महाराष्ट्र’ असं छापून येतं, दुसऱ्यावर ‘बेळगावी, कर्नाटक’, तिसऱ्यावर नुसतं बेळगाव, राज्याच्या भानगडीत पडायचंच नाही. १९५६ पासूनचा हा विषय, शहराचं सरकारी नावपण २०१४ ला बदललं, त्यावर इथं कुणाशीही बोला, चहा थंड होईल पण बोलणं संपणार नाही. सगळ्यांवर पिन मात्र तोच, ५९०००१, त्यामुळं तिन्ही अंक एकाच पिशवीतनं येतात. पोस्टमन कानडी बोलतो, मी मराठीत थँक्यू म्हणते, आमचं चालतंय.

लेबलावर मी छापल्याची तारीख घालत नाही, आल्याची घालते. कारण जुलैचा अंक ऑगस्टात पोचतो आणि मग वाचक मला विचारतात, एवढे दिवस दाबून ठेवला होता काय. आणि वर्षाचा घोळ तर विचारूच नका, एकाचं नवीन वर्ष जानेवारीत, दुसऱ्याचं ज्या महिन्यात ते सुरू झालं त्या महिन्यात, आणि मधेच जोडअंक आला की अंक पाच-सहा असा एकाच लेबलात कोंबायचा. दिवाळीत तर रजिस्टरच वेगळं. मराठीत ही दिवाळी अंकांची पद्धत १९०९ ला ‘मनोरंजन’ मासिकाने पाडली असं सांगतात, तेव्हा लेबलं लावणाऱ्या कुणाला तरी विचारायला पाहिजे होतं.

ग्रंथालयशास्त्रातले मोठे अभ्यासक रंगनाथन, त्यांनी १९३१ च्या पुस्तकात ग्रंथालयाची पाच सूत्रं दिलीत, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्याकडं टिळकवाडीहून चालत येणारे एक काका आहेत, त्यांनी ते वाचलेलं नाही पण पाळतात मात्र तेच. पोस्टमन दारात दिसला की हे खुर्ची सोडून माझ्या टेबलापाशी.

“काय ओ बाई, झालं की न्हाई लेबल?”

“डिंक ओला आहे काका, दहा मिनिटं थांबा.”

“दहा मिनिटात एक गोष्ट वाचून होतंय की.”

आणि अंक घेऊन जातात. परवा संध्याकाळी तोच अंक परत आला तर लेबल तिरकं सरकलेलं, तारखेवर अंगठ्याचा ठसा आणि मागच्या पानाला पुढचं पान चिकटलेलं. पट्टीनं हळूहळू सोडवत बसले, तर नेमकी कथेची शेवटची ओळ त्यात गेली होती. काकांना विचारलं शेवट काय झाला, तर म्हणाले, सांगतो की, आधी उद्याचा अंक काढून ठेवा.