समोरचा अप्पर, आपली काच, आपला फोकस: डोळे दिपण्यावरच्या कामाची नोंद

रात्री मोटरसायकल चालवताना समोरच्या गाडीच्या अप्परने, म्हणजे लांब फेकीच्या दिव्याने, डोळे दिपतात. ते कमी करायला काय केलं त्याची ही नोंद. आजची स्थिती आधी. हेल्मेटची काच बदलून झाली. भिंतीवर फोकस लावून झाला, डबल सीटचा हिशेबही बसला. वायरिंगचं काम अर्ध्यावर आहे. जास्तीचे दिवे बसवायचे नाहीत असं ठरलं आहे, त्याची कारणं पुढे येतीलच. गाडी 150 सीसीची आहे: हॅलोजन एचएस1 बल्ब 35/35 वॅट, मागे दोन शॉकअप, दोन्ही चाकांमधलं अंतर 1,330 मिमी. सगळा विचार केलाय तो दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्याचा. पुणे–सातारासारख्या महामार्गावर दुभाजकात लावलेली कण्हेर आणि बोगनवेल समोरचा उजेड बराच अडवते. खरी परीक्षा आतल्या राज्य मार्गांवर आणि घाटात होते.

समोरच्याने डिप्पर दिला नाही, म्हणजे उजेड खाली घेतला नाही, तर आपण काही करू शकत नाही. पण त्याच्या उजेडाचा आपल्या डोळ्यांत किती पडदा धरतो, हे बरंचसं आपल्या हातात असतं.

नजर कुठे ठेवायची

सर्वांत जास्त फरक इथे पडतो, आणि त्याला पैसाही लागत नाही. तीव्र उजेड डोळ्यात शिरला की आतल्या आत विखुरतो आणि सगळ्या चित्रावर धुक्यासारखा पसरतो. उजेडाचा स्रोत आणि आपली नजर यांच्यातला कोन वाढला की हे धुकं कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतं. कोन दुप्पट केला तर धुकं पाव उरतं.

हे रस्त्यावर मांडून पाहू. डांबर 7 मीटर रुंद आहे, आपण आपल्या लेनच्या मध्यावर आहोत आणि समोरची गाडी तिच्या लेनच्या मध्यावर. म्हणजे ती आपल्या उजवीकडे साडेतीन मीटरवर. ती 100 मीटर लांब असताना सरळ पाहणाऱ्या नजरेशी तिचा कोन 2 अंश होतो. डावीकडची पांढरी पट्टी आपल्यापासून पावणेदोन मीटरवर आहे. त्या पट्टीवर 50 मीटर पुढे नजर टाकली की आणखी 2 अंश मिळतात. एकूण 4 अंश, म्हणजे धुकं एकदम पाव. गाडी 50 मीटरवर आली की हेच गणित 4 वरून 6 अंशांवर जातं आणि धुकं निम्म्याहून थोडं कमी राहतं. म्हणून नजर वळवायची ती गाडी लांब असतानाच. जवळ आल्यावर वळवून फायदा कमी, आणि तोवर डोळे दिपलेले असतात. त्यांना सावरायला काही सेकंद लागतात. 60 च्या वेगात एका सेकंदात जवळपास 17 मीटर रस्ता मागे पडतो.

यात दोन धोके आहेत. दुचाकी नजरेमागे जाते, त्यामुळे पट्टीकडे पाहता पाहता गाडीही डावीकडे सरकते आणि डांबराची कड सुटते. बऱ्याच रस्त्यांवर साइडपट्टी डांबरापेक्षा खोल असते. तिथे पुढचं चाक उतरलं की परत वर घेताना गाडी आडवी होते. म्हणून डोळे वळवा, डोकं आणि खांदे सरळ ठेवा.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात गाळप हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांच्या पाल्याने) झाकलेला असतो. बंद पडलेली ट्रॉली नेमकी डाव्या कडेलाच उभी असते. त्यामुळे पट्टीवर नजर रोवून बसायचं नाही, ती पुढे-मागे फिरती ठेवायची आणि पट्टी सलग दिसते आहे ना हे पाहत राहायचं. पट्टी मध्येच नाहीशी झाली तर तिच्यावर काहीतरी उभं आहे असंच धरून चालायचं आणि ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा.

वेगाचं गणितही याला जोडूनच येतं. भान यायला दीड सेकंद आणि कोरड्या डांबरावर बरा ब्रेक धरला तर 60 च्या वेगात थांबायला साधारण 48 मीटर लागतात, 50 ला 37 आणि 40 ला 27. डिप्परवर आपला फोकस तसाही फार लांब जात नाही, आणि समोरून अप्पर आल्यावर त्यातलाही पुढचा भाग दिसेनासा होतो. अशा वेळी 40 च्या वरचा वेग म्हणजे न दिसणाऱ्या रस्त्यात घुसणं. उजेड लांब दिसताच ॲक्सिलरेटर सोडा आणि मागच्याला कळावं म्हणून ब्रेक हलका टेकवा.

समोरच्याला पासिंग स्विच एकदा दाबून खूण करायची, तेवढं पुरे. त्याने नाही ऐकलं म्हणून आपणही अप्पर लावला, तर एकमेकांकडे येणारी दोन वाहनं एकाच वेळी आंधळी होतात.

हेल्मेटची काच

अंधाऱ्या खोलीत दोन-तीन मीटरवर मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा आणि काच हातभर अंतरावर धरून तिच्यातून टॉर्चच्या थोडं बाजूला पाहा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल रेषांची नक्षी दिसली तर ती काच रात्रीसाठी संपली. दिवसा हे चरे अजिबात जाणवत नाहीत, म्हणून माणूस वर्षानुवर्षं तीच काच वापरतो. पॉलिश करून उपयोग नाही. काच पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते, तिच्यावरचा कडक थर त्यात निघून जातो आणि पुढचे चरे आणखी लवकर पडतात. बदलायचीच.

चरे पडतात ते बहुतेक पुसण्यातून. पेट्रोल पंपावर कोरड्या फडक्याने धूळ पुसली की धुळीतले कण काचेवर घासले जातात. बरोबर पद्धत अशी: ओला टिश्यू काचेवर दहा मिनिटं पसरून ठेवायचा, किडे आणि धूळ मऊ होऊ द्यायची, मग कोमट पाणी आणि सौम्य साबणाने बोटांनी धुवायचं, शेवटी स्वच्छ मायक्रोफायबरने टिपायचं. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेला काचेचा स्प्रे यांतलं काहीही लावू नका. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. आतली बाजूही धुवा. श्वासाचा चिकट थर तिथे बसतो आणि समोरच्या दिव्याला शेपट्या फुटतात.

धुकं न धरणारी दुसरी आतली काच लावली असेल तर समोरच्या दिव्याची एक फिकट जोडप्रतिमा दिसते. दोन थरांमधलं ते परावर्तन आहे, दोष नाही. कडेच्या सीलमधून हवा शिरून दोन काचांच्या मध्ये बाष्प धरलं, तर मात्र सील नीट बसवावं लागतं.

काळसर काच रात्री अजिबात नको. पिवळ्या चष्म्यांची जाहिरात जोरात असते, पण बोस्टनच्या शेपन्स नेत्र संशोधन संस्थेने 2019 मध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेल्या अभ्यासात पिवळ्या भिंगांमुळे रस्त्यावरचा पादचारी ओळखायला काही मदत झाली नाही. ते भिंग समोरच्याचा उजेड कमी करतं तसा आपल्या रस्त्यावरचाही करतं. नंबरचा चष्मा असेल तर परावर्तन रोखणारं कोटिंग घ्या आणि नंबर तपासून घ्या. अर्धा नंबर कमी असला तरी दिवसा चालून जातं, रात्री दिवे फुगलेले दिसतात.

काचेच्या वरच्या कडेला काळी चिकटपट्टी लावायची युक्ती उन्हासाठी चांगली आहे, कारण सूर्य वर असतो. समोरचा हेडलाइट रस्त्याच्या रेषेतच असतो. तो पट्टीआड घ्यायचा म्हणजे हनुवटी इतकी खाली न्यावी लागते की लांबचा रस्ताही झाकला जातो. एक डोळा मिटून घेणंही चालत्या गाडीवर टाळा, अंतराचा अंदाज जातो.

आपला फोकस आणि डबल सीट

भिंतीवर फोकस लावायची पद्धत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सपाट जागा, टायरमध्ये योग्य हवा, गाडीवर स्वार बसलेला, भिंत 5 मीटरवर. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करा आणि डिप्परची वरची कड त्या खुणेखाली 5 ते 7.5 सेंमी येईल इतका दिवा झुकवा. हा झाला 1 ते 1.5 टक्के उतार.

खरी गडबड यानंतर सुरू होते. मागे माणूस बसला की गाडीचं शेपूट खाली जातं. मागच्या ॲक्सलपासून वरच्या ग्रॅब रेलवरच्या (मागच्याने धरायच्या दांडीवरच्या) एका खुणेपर्यंतची उंची एकट्याने आणि मग दोघांनी बसून मोजा. या गाडीवर फरक आला 25 मिमी. पुढचा फोर्क जवळजवळ तेवढाच राहतो. 25 भागिले 1,330 म्हणजे 1.9 टक्के. एवढ्याने फोकस वर उचलला गेला. 1.2 टक्के उतार लावलेला असेल तर तो पुसून जाऊन फोकस 0.7 टक्के आकाशाकडे जातो. दिवा जमिनीपासून 95 सेंमीवर धरला, तर 50 मीटरवर उजेडाची कड 1.30 मीटरवर पोहोचते, म्हणजे समोरच्या छोट्या कारच्या चालकाच्या डोळ्यांत. डिप्पर लावूनही समोरचा वारंवार अप्पर मारतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. त्याला आपण अप्परवर आहोत असं वाटतं आणि तोही अप्पर लावतो.

उपाय: सी पान्याने (सी आकाराच्या पान्याने) शॉकअपच्या स्प्रिंगची खाच वाढवा, म्हणजे स्प्रिंग जास्त दाबली जाते. दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर असाव्यात, नाहीतर वळणावर गाडी विचित्र वागते. दुसरीवरून चौथीवर नेल्यावर इथे निम्मा फरक भरून निघाला. उरलेला भाग हेडलाइटच्या स्क्रूने खाली घ्यायचा. दोन्ही स्थितींसाठी स्क्रूचे किती फेरे लागतात ते एकदा मोजून टाकीच्या झाकणाखाली नाही तर सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. सॅडलबॅगांनाही हाच हिशेब लागू.

बल्ब आणि वायरिंग

एचएस1 च्या होल्डरमध्ये कानशीने घासून जास्त वॅटचा एच4 60/55 बल्ब बसवतात. नको. त्या उष्णतेने होल्डर वितळतो, परावर्तकाची चांदी काळवंडते आणि काही महिन्यांत आधीपेक्षा कमी उजेड मिळतो. स्वस्त एलईडी बल्बची अडचण वेगळी आहे. परावर्तक हॅलोजनच्या बारीक फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागी नेमक्या बसत नाहीत, म्हणून वरची कड फाटते आणि उजेड चौफेर उडतो. शिवाय चाकाच्या पुढच्या दहा मीटरवर भगभगीत पांढरा डाग पडतो. डोळा त्या डागाला जुळवून घेतो आणि लांबचं दिसेनासं होतं. जास्तीचे दिवे नाकारण्याचं कारणही हेच, वर समोरच्याला त्रास.

त्यापेक्षा आहे त्या बल्बला पूर्ण व्होल्टेज द्या. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो: 5 टक्के व्होल्टेज कमी झालं तर सुमारे 16 टक्के उजेड जातो, 10 टक्क्यांनी सुमारे 30. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पिनांवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अप्पर-डिप्पर स्विचचे पॉइंट, अर्थिंगचा बोल्ट आणि हेडलाइटमागचा कनेक्टर या क्रमाने साफ करा. इथे अर्थिंगच्या बोल्टखाली रंग होता. तो खरवडल्यावर बराच फरक भरून निघाला.

उरलेल्यासाठी रिले, म्हणजे जुन्या वायरच्या थोड्या करंटवर चालून बॅटरीचा करंट थेट बल्बला सोडणारा स्विच. डिप्परला एक, अप्परला एक. 30 नंबरची पिन बॅटरीच्या प्लसला, मध्ये बॅटरीजवळच 10 अँपिअरचा फ्यूज, 87 बल्बला, 86 वर जुन्या होल्डरची वायर, 85 अर्थला. 35 वॅटला 3 अँपिअरच्या आसपास करंट लागतो, त्यामुळे 1.5 चौरस मिमी वायर पुरते. पण हे फक्त डीसी, म्हणजे बॅटरीवरून चालणाऱ्या, हेडलाइटवर करायचं. जुन्या कम्यूटर गाड्यांत हेडलाइट थेट एसीवर, म्हणजे इंजिन फिरताना तयार होणाऱ्या विजेवर, असतो. ॲक्सिलरेटर दिला की उजेड वाढतो आणि सोडला की मंदावतो, ही त्याची खूण. तिथे हे रिले नीट चालत नाहीत, आणि भार सरळ बॅटरीवर टाकला तर छोटी बॅटरी बसते. 1 एप्रिल 2017 पासून दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट आपोआप लागणं आलं, म्हणून नव्या गाडीत 86 ला येणारी वायर इंजिन सुरू झाल्यावरच जिवंत होते का, हे आधी तपासा. नाहीतर चावी फिरवताच स्टार्टरबरोबर हेडलाइटचाही भार बॅटरीवर येतो.

पाऊस

ओल्या डांबरावर आपला उजेड पुढे निसटून जातो, परत डोळ्यांत येत नाही. समोरच्याचा मात्र डांबरावरून उसळून दुपटीने येतो. काचेवरचा प्रत्येक थेंब एकेक भिंग होतो. डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यावर मऊ रबराची कड शिवून घेतली की चालत्या गाडीवर काच निपटता येते. पाणी न धरणारा लेप वापरायचा तर हेल्मेटच्या काचेसाठीचाच घ्या. काच एक खाच उघडी ठेवली की आतून वाफ धरत नाही. ताम्हिणी किंवा आंबा घाटात पाऊस आणि धुकं एकत्र असेल तर अप्पर लावूच नका. आपलाच उजेड धुक्यावरून परत फिरून डोळे दिपवतो.

उरलेलं काम: अप्परचा रिले, शॉकअप चौथ्या खाचेवर आणि मागे 15 किलो सामान असं भिंतीवरचं मोजमाप, आणि आरसे. रात्री मागच्या कारचा फोकस उजव्या आरशातून थेट डोळ्यांत येतो. आरसा किती बाहेर वळवला तर उजेड सुटतो आणि ओव्हरटेक करणारा तरी दिसत राहतो, ती जागा अजून पक्की व्हायची आहे.