सोनोग्राफीच्या रिपोर्टमधील लिव्हरचा आकडा

खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून बेळगावला सोनोग्राफीसाठी येणारी मंडळी रिपोर्ट हातात पडताच आधी आकडे पाहतात आणि यकृतासमोर १६ सेंमी दिसले की ‘लिव्हरला सूज आली’ असे धरून चालतात. या तपासण्या रोज करणारा म्हणून तो आकडा कसा निघतो, हे जरा सविस्तर सांगावेसे वाटते.

रुग्णाला उताणे झोपवून खोल श्वास घ्यायला आणि रोखून धरायला सांगतात, कारण त्यामुळे बरगड्यांआड दडलेले यकृत खाली सरकते. मग उजव्या गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर प्रोब (पोटावर फिरवायचे सोनोग्राफीचे उपकरण) उभा धरून, श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) टेकलेल्या वरच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. प्रौढांमध्ये साधारण १५ सेंमीपर्यंतची लांबी नेहमीची समजतात. १६ च्या पुढे यकृत वाढल्याचा संशय घेतात. मात्र प्रोब तिरका झाला तरी लांबी बदलते, आणि उंच माणसाचे यकृत मुळातच लांब असते. काहींच्या, विशेषतः स्त्रियांच्या, यकृताचा उजवा खंड जिभेसारखा खाली उतरलेला असतो. जर्मन शल्यविशारद रीडेल यांनी १८८८ मध्ये वर्णिलेली ही केवळ शरीराची ठेवण आहे, आजार नव्हे.

याउलट प्रकारही घडतो. वर्षानुवर्षे विडी ओढून (आणि निपाणी तर तंबाखूचेच गाव!) ज्यांची फुप्फुसे फुगलेली असतात, त्यांचे श्वासपटल खाली दाबले जाते, यकृत बरगड्यांखाली हाताला लागते, म्हणून ‘वाढले आहे’ अशा शेऱ्यासह रुग्ण आमच्याकडे येतो आणि लांबी मात्र १३ सेंमी भरते.

म्हणूनच मी लांबीपेक्षा इतर खुणांना अधिक वजन देतो. खालची कड धारदार न राहता बोथट झाली आहे का, यकृत शेजारच्या उजव्या मूत्रपिंडापेक्षा जास्त पांढरे दिसते का, यकृतातील शिरा फुगल्या आहेत का, हे पाहावे लागते. पांढरेपणा बहुधा चरबीकडे बोट दाखवतो, तर फुगलेल्या शिरा हृदयाच्या दुबळेपणाकडे.

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होत जाण्याच्या आजारात, सुरुवातीला वाढलेले यकृत पुढे आक्रसत जाते. अशा रुग्णाचा आकडा १७ वरून १४ वर आला की घरच्यांना हायसे वाटते. पण पृष्ठभाग खडबडीत, प्लीहा (पाणथरी) मोठी आणि पोटात पाणी असेल, तर तो उतार सुधारणेचा नसतो.