फोटोवरून माणसाचं चित्र का काढत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आजवर "जमत नाही" म्हणून सुटका करून घ्यायचो, पण ते खरं नाही. जमतं. चौकटी आखून पासपोर्टएवढा चेहरा तीन फुटी कॅनव्हासवर उतरवायला मी सोलापुरात दुकानांच्या पाट्या रंगवतानाच शिकलो. फ्लेक्स आलं, पाट्या गेल्या, तेव्हा घर त्याच चौकटींवर चाललं. जेजेचा, मुंबईच्या त्या कला महाविद्यालयाचा, कागद माझ्याकडे नाही. हुबेहूबपणा हाच माझा दाखला होता.

मग विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं, काम आलं. आई वारलेली, फोटो एकच, विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा. समोरून फ्लॅश पडला की सावली उरत नाही, आणि सावलीशिवाय नाकाची, गालाच्या हाडाची उंची कळत नाही. ती मी मनाने भरली. बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरी रंगाने, आधी छाया उभी केली, वर कातडीच्या रंगाचे थर दिले, डोळ्यांत पांढरा ठिपका ठेवला. महिना गेला. जीव ओतला होता, आजही म्हणेन.

मुलीने बराच वेळ बघितलं. "पेंटरकाका, आमची अम्मा अशी समोर कधी बघायचीच नाही."

मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, दिवसाला हजार विड्या. बोलायची तीही खाली बघूनच. मुलीच्या आठवणीत होता तो भांग, कपाळ आणि वळणारी बोटं. मी रंगवली होती कॅमेऱ्यापुढे ताठ बसवलेली बाई.

मी चिडलो. फोटोत आहे तेच काढलंय, म्हणालो. आणि पैसे घेतले. हे सांगायलाच हवं.

तेव्हापासून माणूस समोर हवा. उत्तरेच्या खिडकीपाशी, कारण तिथे ऊन सहसा थेट येत नाही, उजेड फार हलत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी खांदा उतरतो, ओठ सैलावतात. त्याआधी काढलेलं पुसून टाकतो.

मग गेलेल्यांचं काय? पूर्वीचा मी हेच विचारून भांडतो. आई मागायला आलेल्याला परत पाठवायचं, ही कसली कलेवरची निष्ठा? ते चित्र त्या घरात भिंतीवर आहे, थोरला मुलगा त्याला हार घालतो. त्याला ती आईच वाटते. तो चुकतोय असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

परवा एक आजोबा बायकोचा फोटो घेऊन आले. नाही म्हणालो, आणि लगेच विचारलं, त्या बसायच्या कशा? तासभर बोलत होते. फोटो माझ्याकडेच राहिलाय. हो म्हणालेलो नाही.