आमची वाटचाल : सरकारी मदत स्टेजच्या मागे किती पोचली

गाणं दुसरे गातात, आवाज आम्ही पुरवतो. मी आणि माझा मेहुणा इंग्लंडात मिडलंड्समध्ये साउंड-लाइट भाड्याने द्यायची छोटी कंपनी चालवतो. सुरुवात मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमांपासून झाली, मग लग्नं, भांगडा बँड, आणि हळूहळू पबच्या वरच्या मजल्यावर शे-दोनशे माणसांसमोर होणारे गिग, म्हणजे गाण्याचे कार्यक्रम. खरं तर या छोट्या व्हेन्यूंनीच, म्हणजे कार्यक्रमांच्या जागांनीच, आम्हाला पोसलं, कारण तिथे स्वतःचा धड पीए (स्पीकर-अँप्लिफायरचा संच) नसतो आणि मोठ्या भाडेवाल्या कंपन्या तिकडे फिरकत नाहीत.

मग कोविड आला आणि 16 मार्च 2020 उजाडला. त्या संध्याकाळी पंतप्रधान बोरिस जॉन्सननी लोकांना सांगितलं की पब-थिएटरला जाणं टाळा, पण बंद करा असं त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही! झालं, व्हेन्यू कागदोपत्री उघडे, माणूस मात्र एकही नाही, आणि रद्द झालेल्या कामाचे पैसे कोण देणार यावर नुसती फोनाफोनी. चार दिवसांनी बंदचा हुकूम आला तोवर आमचं कॅलेंडर कोरं झालं होतं.

सरकारने मदत केलीच नाही असं म्हणणारे भेटतात, त्यांचं मला पटत नाही. फर्लोमध्ये, म्हणजे काम बंद म्हणून घरी बसवलेल्या नोकरांसाठीच्या योजनेत, पगाराचे 80 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 2,500 पाउंड, सरकार देत होतं आणि ते सप्टेंबर 2021 पर्यंत चाललं, त्याच्यामुळेच आमच्या गोदामातला पोरगा टिकला. पण आमच्यासारखे मालक स्वतःला पगार थोडा घेतात आणि बाकी डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, इथे छोट्या लिमिटेड कंपन्यांत सर्रास असंच असतं, आणि डिव्हिडंड काही त्या हिशोबात धरला नाही. सेल्फ-एम्प्लॉइडवाली स्कीम वेगळी होती, तिच्यात कंपनीचे डायरेक्टर बसत नाहीत. म्हणजे गायकाला मिळालं, आमच्या नोकराला मिळालं, आम्ही दोघं मधल्या मध्ये.

बिझनेस रेट्सचंही, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या कराचंही, तेच. दुकानं, हॉटेलं, व्हेन्यू यांना वर्षभराची माफी, पण गोदामातून स्पीकर भाड्याने देणारा ना दुकानात मोडतो ना करमणुकीत, त्यामुळे आमचं बिल चालूच. मेहुणा म्हणायचा, आपण लग्नातले बँडवाले, वाजवायला पुढे आणि पंगतीला कुणी विचारत नाही.

जुलै 2020 मध्ये कलाक्षेत्राला सावरायला 1.57 अब्ज पाउंडचा कल्चर रिकव्हरी फंड जाहीर झाला आणि त्याने बरेच व्हेन्यू वाचले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साउंड-लाइटवाल्या काही कंपन्यांनाही त्यातून मिळाले, आमचा नंबर लागला नाही. त्याच महिन्यात तिकिटावरचा व्हॅट 20 वरून 5 टक्क्यांवर आणला, छान, पण शोच नाहीत तर पाच टक्के कशाचे? 11 ऑगस्टच्या रात्री देशभर इमारती लाल दिव्यांनी उजळल्या, आमच्या धंद्याकडे लक्ष वेधायला, तेव्हा आम्हीही आमचे एलईडी पार गोदामाबाहेर लाल करून लावले. एरवी काम एकच, मिक्सर चालू करून फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या, वरखाली करत बसायचं, नाहीतर धूळ धरते आणि पुढच्या शोला खरखर ऐकू येते.

शेवटी बाउन्स बॅक लोन घेतलं. व्याज 2.5 टक्के, पहिल्या वर्षाचं सरकारने भरलं, बँकेला हमी सरकारची, फॉर्म तर इतका सोपा की मेहुण्याला शंका यायला लागली. पण कर्ज ते कर्जच. पुढे सहा वर्षांची मुदत दहा करून घ्यायची सोय आली ती आम्ही घेतली, हप्ता अजून चालूच आहे.

जुलै 2021 ला सगळं उघडलं तेव्हा कामं भरपूर आणि माणसं गायब. आमचे रोजावर येणारे इंजिनियर कुणी डिलिव्हरीची व्हॅन चालवतोय, कुणी वायरिंगची कामं घेतोय, आणि महिन्याअखेर ठरलेला पगार मिळतोय म्हटल्यावर ते कशाला परत येतील. चांगला मॉनिटर इंजिनियर, म्हणजे स्टेजवरच्या कलाकारांना स्वतःचा आवाज नीट ऐकवणारा, तयार व्हायला वर्षं जातात, त्याला धरून ठेवायची स्कीम कुणीच काढली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या मदतीतली सगळ्यात मोठी फट हीच. ऑगस्टमध्ये कार्यक्रमांसाठी 75 कोटी पाउंडची विमा योजना आली, पण ती सरकारने कायद्याने शो बंद पाडला तरच लागू. गायकालाच कोविड झाला तर काही नाही!

आता साथ नाही तरी छोटे व्हेन्यू बंद पडतायत, 2023 मध्ये सव्वाशे ठिकाणी लाइव्ह म्युझिक थांबलं असं छोट्या व्हेन्यूंसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेने मोजलंय. खासदारांच्या समितीने 2024 मध्ये सुचवलं की स्टेडियम-अरीनासारख्या मोठ्या जागांच्या तिकिटावर लेव्ही, म्हणजे थोडा जादा आकार, लावून छोट्यांना द्या, सरकार म्हणालं चांगलं आहे पण ऐच्छिक ठेवा. कोल्डप्ले या बड्या बँडने 2025 च्या इथल्या शोच्या कमाईतला 10 टक्के हिस्सा ट्रस्टला द्यायचं ठरवलं, त्यांचं कौतुक, पण एखाद्या बँडच्या मनात आलं म्हणून धंदा चालत नाही.

आम्ही आमच्यापुरतं एक केलं, बुकिंग घेतानाच निम्मे पैसे आगाऊ. व्हेन्यूवाले कुरकुरतात आणि देतात.