एका मोज्याची ट्रायथलॉन
आज पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन केली. राजाराम तलावात ७५० मीटर पोहणं, मग २० किलोमीटर सायकल, वर ५ किलोमीटर पळणं. पाण्यात उतरल्या उतरल्या कुणाची तरी टाच नाकावर बसली आणि लहानपणी विहिरीत शिकलेलं सगळं पोहणंच विसरलो. कसाबसा काठाला लागलो.

खरा घोळ पुढं. ओल्या पायात मोजा चढेचना! मी एका पायावर नाचतोय आणि दोरीपलीकडनं काकी ओरडतायत, "आरं, ऱ्हाऊ दे की त्यो मोजा!" शेवटी एकाच पायात मोजा घालून सायकल हाणली. उतरून पळायला लागलो तर मांड्यांचे दगड झालेले.

१ तास ५२ मिनिटं. नंबर विचारू नका. दुसरा मोजा अजून सापडलेला नाही. आता मिसळ, कट जास्त.